बाहेर पडायची वेळ मला बरोबर कळते

२ मार्च, सकाळ

सिमेंटचा शेअर २६१. आम्ही घेतला २१० ला. वही नवी काढली. बाजारात कमावणारी माणसं वही ठेवतात, असं ब्रोकरच्या ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या. गमावणारीही ठेवतात का, ते विचारायचं राहिलं. गरजही नाही.

शेअरची निवड माझी. शिकलेले लोक कंपनीचे ताळेबंद वाचतात. मी चाळीस वर्षं इमारती पाडल्या. कुठलं सिमेंट किती घावांत फुटतं ते माझ्या मनगटाला विचारा. या कंपनीच्या सिमेंटच्या एका टाकीने माझ्या तीन घणांचे दांडे मोडले आणि एका गड्याचा खांदा उतरवला. तेव्हाच मनात म्हटलं, कंपनी असावी तर अशी.

पैसे अर्धे माझे, अर्धे मेहुण्याचे. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. तीस वर्षं माझ्या टोळीत टेकू लावायचं काम केलं, म्हणून सगळे त्याला टेकूच म्हणतात. मला टोळी म्हणायची उस्ताद. तो भाऊजी म्हणतो.

कारण साधं आहे. आम्ही राहतो ती इमारत मालक पाडणार. एप्रिलअखेर खोल्या रिकाम्या करा, अशी नोटीस आहे. आयुष्यभर लोकांची घरं पाडणाऱ्याला स्वतःचं घर नाही, हे हिने मला लग्नापासून बऱ्याच वेळा समजावून सांगितलेलं आहे. जुन्या ओळखीचा एक काँट्रॅक्टर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या १५ एप्रिलपर्यंत आमच्यासाठी धरून ठेवतो म्हणाला. शेअर ३०० झाला की दोन खोल्यांचे पैसे होतात.

निश्चय: ३०० ला विकायचा. एक पॉइंट पुढे नाही.

दुसरा निश्चय: रागावायचं नाही. मी मुळात शांत माणूस आहे.

३ मार्च

कालच्यात एक लिहायचं राहिलं. आमच्या धंद्यात शेवटचा टेकू काढताना दोन्ही टोकांच्या माणसांनी ‘हो’ म्हणावं लागतं. एकजण जरी ‘नाही’ म्हणाला तरी सगळे हात झाडून चहाला बसतात. या नियमाने पुष्कळ जीव वाचले. तोच नियम इथे लावला. पासवर्डचा पहिला अर्धा भाग माझा, दुसरा टेकूचा. एक जण टाइप करतो तेव्हा दुसरा भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. मॅडम हसल्या. वयाने लहान आहेत. त्यांच्या डोक्यावर कधी स्लॅब आलेला नाही.

९ मार्च

२८३. सकाळी मात्र नऊ पॉइंट खाली आला होता. स्टुलाला लाथ मारली. पाय मोडला (स्टुलाचा). याला राग म्हणता येणार नाही, स्टूल मुळातच कच्चं होतं. नंतर चढला. स्टूल वाया गेलं.

ही काल मोजपट्टी घेऊन त्या दोन खोल्या बघून आली. खिडकीचं माप हातावर पेनने लिहून आणलं. हात धुताना ते जाऊ नये म्हणून भांडी मी घासली. माणसाने बायकोची अशी कदर करावी.

१६ मार्च, दुपार

३००!

आनंदाने टेबलावर मूठ आपटली. टेबलावरची काच फुटली. तळहाताला चार टाके. क्षुल्लक.

टेकू धावत आला. फोन मध्ये ठेवून दोघं बसलो. मी म्हटलं, आधी ऐकू. भिंत पडण्याआधी बोलते. आधी बारीक माती गळते, मग आतून कर्र असा आवाज येतो, आणि मग जाणता माणूस बाहेर पडतो. चाळीस वर्षांत मला ती वेळ बरोबर कळत आली. शेअरकडे दहा मिनिटं बघितलं. माती नाही, आवाज नाही. उलट एक पॉइंट वर.

टेकू म्हणाला, तीनशे चाळीसला बाल्कनीवाल्या खोल्या येतील. ताईला कपडे वाळत घालायला बरं. मला पटलं. दोघांनी एका दमात ‘नाही’ म्हटलं. नियम पाळला गेला. मग चहा.

नवा निश्चय: ३४०. त्यापुढे एक पॉइंट नाही.

१७ मार्च

हिने विचारलं, विकला का. बाल्कनीचं समजावून सांगितलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. लांबून ठेवलं. माझ्या कानाजवळून जाऊन ते दारावर ठेवलं गेलं. दाराला खळगा पडला. दार मालकाचं आणि इमारत पडायचीच आहे, म्हणून काही बोललो नाही.

२४ मार्च

३४३. टेकू सकाळी सहालाच दारात. विकू म्हणाला. मी म्हटलं, थांब. आता एक वेगळाच विचार आहे. ३८० झाला तर तिसरी खोली येते. तिसरी खोली कुणासाठी, असं त्याने विचारलं. खरं उत्तर: त्याच्यासाठी. एकटा जीव, पत्र्याच्या एका खोलीत राहतो, उन्हाळ्यात भाजतो. पण असं तोंडावर सांगितलं तर चढून बसेल. म्हणून म्हटलं, माझ्या हत्यारांसाठी.

तो चिडला. हत्यारांना खोली आणि मला पत्रा, असं काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, हत्यारं उलट बोलत नाहीत. त्याने जाताना आमच्या जिन्याचा कठडा लाथेने तोडला. पद्धत चुकीची. कठडा खालून सोडवायचा असतो. वरून ओरडून सांगितलं, ऐकलं नाही.

३० मार्च

३७२.

आज जे झालं ते तटस्थपणे लिहितो.

टेकूने मला ब्रोकरच्या ऑफिसात बोलावलं. मॅडमसमोर म्हणाला, आत्ताच्या आत्ता विका, माझं ‘हो’ आहे. मी ‘नाही’ म्हटलं. अजून आठ पॉइंट. तो म्हणाला, लोभ झाला. मी म्हटलं, बाहेर पडायची वेळ मला शिकवू नकोस. ऑफिसात पाचसात माणसं होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

“दोन बोटं तिथेच राहिली भाऊजी, तेव्हा कोण वेळेवर बाहेर पडलं होतं?”

माझ्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत, हे खरं आहे. पण त्या दिवशी मी वेळेवर बाहेर पडलो होतो. सगळ्यांच्या आधी पडलो होतो. घण आत राहिला म्हणून परत गेलो. परत जाणं वेगळं आणि बाहेर न पडणं वेगळं. चांगला घण होता.

हे त्याला शांतपणे समजावणार होतो. पण उजवा हात आधी पुढे गेला. त्याच्या जबड्यातून कर्र असा आवाज आला. तो मागे गेला तो थेट काचेच्या दारातून बाहेर. उठला आणि डोकं खाली घालून माझ्या पोटात आला. मी प्रिंटरवर पडलो. प्रिंटर माझ्यावर पडला. त्याने माझा कान धरला, मी त्याचा पाय. वॉचमन सोडवायला आला, त्याला दोघांनीही मारलं. यात मात्र आमचं एकमत होतं. मॅडम टेबलाखाली होत्या.

टेकूचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेने बांधले. सहा आठवडे बोलणं बंद, नळीने पातळ खायचं. माझ्या उजव्या हाताची हाडं सरकली. प्लॅस्टर.

(डाव्या हाताने लिहितोय. तीन बोटांत पेन बरं बसतं.)

३१ मार्च

३८१. म्हणजे बरोबर कोण होतं?

हे सांगायला दवाखान्यात गेलो. टेकूच्या नाकासमोर फोन धरला. त्याने स्टीलचा पेला फेकून मारला. भुवईवर तीन टाके. पेल्याचा वेग बघता तब्येत सुधारतेय.

ही त्याच्या उशाशी बसली होती. माझ्याशी बोलत नाही. शांतता चांगली, विचार करायला बरी.

खरं तर ३८० झाला होता, आज विकायला हवा होता. पण मारामारीनंतर दुसऱ्याच दिवशी त्याचं ऐकल्यासारखं दिसलं असतं. तत्त्वाचा प्रश्न. शिवाय ४०० हा आकडा गोल आहे.

४ एप्रिल

३५२. विश्रांती घेतोय (शेअर).

मुलीचा फोन. मामाला का मारलंत, असं विचारत होती. म्हटलं, मारलं नाही, मतभेद झाला. ती म्हणाली, बाबा, विकून टाका, आईला दोन खोल्याच हव्यात. लग्न होऊन गेली तरी मुली आईचीच बाजू घेतात.

६ एप्रिल

३२६. आता माती गळतेय. मला स्पष्ट ऐकू येतंय. निश्चय: आजच विकायचा. मी लवचीक माणूस आहे.

टेकू घरी आलाय, त्याच्या पत्र्याच्या खोलीत. मी जाणार नाही. हिला चिठ्ठी देऊन पाठवलं: ‘पासवर्ड दे.’ उत्तर आलं: ‘आधी माफी.’ मी लिहिलं: ‘आधी पासवर्ड.’ त्याने लिहिलं: ‘आधी माफी’ आणि खाली दोन रेघा. मी तीन मारल्या. उन्हात हिच्या चार फेऱ्या झाल्या. पाचवी चिठ्ठी तिने वाचलीच नाही, गोळा करून माझ्या तोंडात कोंबली. एक दात हलतोय.

९ एप्रिल

३०५. वर रिकाम्या झालेल्या खोलीत मालकाची माणसं आली. खिडक्या-दारं काढायला. सकाळपासून ठाकठोक. आवाजावरूनच कळलं की अडाणी आहेत. भिंतीच्या पोटात घाव घालत होते. म्हटलं, अरे बाबांनो, भिंत कोपऱ्यात मरते. ऐकेनात. एकाने म्हातारा म्हटलं. मी त्याच्या हातातून पहार हिसकावली, प्लॅस्टरसकट, आणि तीन घावांत भिंत पाडून दाखवली.

भिंत उत्तम पडली. जमीन फोडून खाली, थेट आमच्या स्वयंपाकघरात.

वरून बघितलं तर ही खाली ओट्याशी उभी, हातात चमचा, सगळी पांढरी. माझ्या बाजूला भिंतीच्या जागी आकाश दिसत होतं. तिच्यापासून दोन हातांवर विटांचा ढीग. ही हलली नाही, ओरडली नाही. तिने वर बघून एवढंच विचारलं,

“जेवायला खाली येणार की तिथूनच खाणार?”

खाली आलो. आधी विटा बाजूला सारल्या. मग जेवलो.

११ एप्रिल

२९०. हिला घेऊन टेकूकडे गेलो. हिच्यासाठी गेलो, शेअरसाठी नाही. ती विटांची गोष्ट दोन दिवस डोक्यातून जात नाही. दोन हात इकडे ती उभी असती तर.

पत्र्याखाली तो बनियनवर बसला होता, नळीने पातळ पेज ओढत. अर्धा झालाय. मी सगळं ठरवून गेलो होतो, की तुझंही चुकलं, माझंही थोडं. पण तोंडातून निघालं, “चुकलं रे माझं.” तो रडायला लागला. तारेमुळे नीट रडता येईना, नाकातून शिट्टीसारखा आवाज येत होता. मिठी मारली. माझी एक बरगडी अजून दुखतेय.

त्याने त्याचा अर्धा पासवर्ड कागदावर लिहून दिला. ‘उस्ताद’ असा होता. पाठ फिरवून उभा असायचो, त्यामुळे कधी कळलं नाही.

दोघांचं ‘हो’. आता विकायला काहीच अडचण नव्हती. २९० ला दोन खोल्या जेमतेम, काँट्रॅक्टर थोडं सांभाळून घेईल. माझा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून टाइप करायला हिला बसवलं. हिला म्हटलं, पहिला भाग आपल्या लग्नाची तारीख, मग हे. तिने टाकलं. चूक दाखवलं. म्हटलं, घाई करू नकोस. पुन्हा टाकलं. चूक. म्हटलं, बायकांना मशीन जमत नाही. तिसऱ्यांदा टाकलं. खातं बंद.

ही अगदी थंडपणे म्हणाली, तुम्ही कुठली तारीख टाकली होती? मी सांगितली. ही म्हणाली, ती लग्नाची तारीख नव्हे. ती तुमची बोटं गेली त्या दिवसाची. टेकूने मान हलवली. त्यालाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

मी म्हटलं, दोन्ही उन्हाळ्यातच होत्या.

ती उठली. कोपऱ्यात टेकूचा घण होता, बारा किलोचा. फोन उंबऱ्यावर ठेवला, पदर खोचला, आणि एकच घाव. सरळ, मध्यावर, मनगट न वळवता. फोनचा चुरा झाला आणि उंबऱ्याला आडवी भेग गेली. चाळीस वर्षं टोळी चालवली, असा घाव मी कुणाला शिकवू शकलो नाही. तसं तिला सांगणार होतो. टेकूने माझ्या तोंडावर हात ठेवला.

१३ एप्रिल

२५८. कंपनीची मोठी भट्टी बंद पडली, अशी बातमी. ब्रोकरच्या ऑफिसात गेलो. वॉचमनने आत सोडलं नाही. त्याच्या डोळ्याखाली अजून निळं आहे. बाहेरून हाका मारल्या. मॅडम नव्या काचेमागून ओरडून म्हणाल्या, दोघांनी ओळखपत्रं घेऊन या, फॉर्म भरा, खातं उघडायला एक दिवस. टेकूच्या ओळखपत्रावरचा चेहरा आता जुळत नाही. डॉक्टरांचं पत्र आणा म्हणाल्या. कशामुळे मोडला ते पत्रात हवं का, विचारलं. त्या म्हणाल्या, ते आम्हाला माहीत आहे.

१५ एप्रिल

२३१. फॉर्म दिला. खातं उद्या उघडेल. काँट्रॅक्टरला दुसऱ्याच्या फोनवरून गाठलं, एक दिवस थांब म्हटलं. तो म्हणाला, उस्ताद, तुमच्यासाठी दीड महिना थांबलो. गिऱ्हाईक पैसे घेऊन समोर बसलंय.

रागावलो नाही. खरंच. मारायला जवळ काही नव्हतंच.

१६ एप्रिल

विकला. २१९.

म्हणजे नऊ पॉइंट नफा. लोक या बाजारात घरंदारं घालवतात. आम्ही नफ्यात बाहेर पडलो. त्यातून काचेचं दार, प्रिंटर, जबडा, वॉचमनचा डोळा, टाके आणि नवा फोन वजा जाता किती राहतात, ते टेकू मांडत होता. मी कागद घेऊन फाडला. अशा हिशोबांनी माणसाचं मन लहान होतं.

हिच्या हातावरचं खिडकीचं माप केव्हाच गेलं असणार. बघितलं नाही.

२ मे

टेकूच्या खोलीत राहायला आलो. तिघं. पत्रा तापतो. माझं डोकं त्याच्या पायाशी येतं. तो झोपेत लाथा मारतो. जागेपणी केलेल्या आठवतात, म्हणून मी काही बोलत नाही.

आमची इमारत काल पाडली. मशीनने. सहा तास. आम्हाला तीन आठवडे लागले असते, पण प्रत्येक वीट अख्खी निघाली असती. ही बघायला गेली होती. परत येऊन तिने भात टाकला.

निश्चय: बाजार बंद. दुसरा निश्चय: सोन्यात मला थोडं कळतं.

१४ मे

टेकूची तार निघाली. सहा आठवड्यांनी पहिलं वाक्य काय बोलतो म्हणून आम्ही दोघं समोर बसलो. तो जबडा चोळून म्हणाला, “भाऊजी, उशी माझी आहे.”

२१ मे

काँट्रॅक्टरचा निरोप आला. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या एका नव्या जोडप्याने घेतल्या. मधली भिंत नको आहे, मोठा हॉल हवाय. मशीन वर जात नाही. एक दिवसाचं काम, हातानेच होणारं, मजुरी चांगली. माझ्या उजव्या हाताचं प्लॅस्टर गेल्या आठवड्यात निघालं. टेकू म्हणाला, नको जाऊ या. मी म्हटलं, भिंत ही भिंत असते.

गेलो. टेकू एका टोकाला, मी दुसऱ्या. स्लॅबला टेकू लावले, कोपऱ्यातून सुरुवात केली. खोल्या चांगल्या आहेत. उजेड दोन बाजूंनी येतो. एवढा येत असेल असं वाटलं नव्हतं.

अडीचला ही डबा घेऊन आली. चपला दाराबाहेर काढल्या. मी म्हटलं, अगं सगळीकडे मलबा आहे, पायात घाल. तिने घातल्या नाहीत. खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आली नाही, म्हणून डोकावलो. तिने नळ सोडला होता आणि हात धारेखाली धरून उभी होती.

म्हणाली, “पाण्याला जोर चांगला आहे हो.”

नळ बंद केला, पदराने पुसला, डबा घेऊन गेली.

जेवण झाल्यावर भिंतीचा राहिलेला भाग पाडला. दोघांनी ‘हो’ म्हटलं आणि पाडला. टेकूच्या डोळ्यांत सिमेंट गेलं. माझ्याही. मलबा पोत्यांत भरला, खाली नेला, फरशी दोनदा झाडली. नवं जोडपं पाचला येणार होतं. त्याआधी निघा, असं काँट्रॅक्टरने बजावलं होतं.

पावणेपाचला बाहेर पडलो.